राहणीमान, जीवनमान की जगण्याचा दर्जा?

प्रश्न: देशादेशांतल्या 'क्वालिटी ऑफ लाइफ'ची तुलना करणाऱ्या लेखाचं भाषांतर करतेय. मी सगळीकडे 'राहणीमान' लिहिलं, संपादकांनी सगळीकडे खोडून 'जीवनमान' केलं. दोन्हींत खरंच फरक आहे का?

— आहे की. राहणीमान म्हणजे घर, कपडालत्ता, गाडी, खाणंपिणं; जे पैशाने येतं ते. त्याची तुलना करायला दरडोई उत्पन्न आणि क्रयशक्ती पुरते. पण अमेरिका आणि कोस्टा रिका घ्या. उत्पन्नात अमेरिका कितीतरी पुढे, तरी सरासरी आयुर्मान कोस्टा रिकाचं जास्त. 'अमेरिकेचं राहणीमान वरचं' यावर कुणी वाद घालणार नाही. त्याच जागी 'जगण्याचा दर्जा' घाला, लगेच भांडण जुंपेल, आणि जुंपायलाच हवं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 1990 मध्ये मानव विकास निर्देशांक आणला तो याचसाठी: उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण. 2010 पासून तिन्हींची साधी सरासरी न काढता भूमितीय मध्य काढतात (तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं घनमूळ), त्यामुळे शिक्षणातली तूट नुसत्या उत्पन्नाने पूर्वीइतकी सहज झाकली जात नाही. त्याला 'राहणीमान निर्देशांक' म्हटलेलं मला तरी खटकतं.

— 'जीवनमान'बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. बरेच लोक ते आयुर्मान या अर्थानेच वापरतात. 'जपानचं जीवनमान वाढलं' म्हणजे लोक जास्त जगू लागले की चांगलं जगू लागले?

— थोडं अवांतर. मान म्हणजे माप. तापमान, पर्जन्यमान यांत ते शाबूत आहे, 'हवामान'मध्ये मापाचा मागमूस उरलेला नाही. 'जीवनमान'ही त्याच वाटेने निघालंय. क्रियापदं लावून बघा: राहणीमान उंचावतं, आयुर्मान वाढतं, दर्जा सुधारतो. आणि कृपा करून 'जीवनाची गुणवत्ता' लिहू नका, कारखान्यातून तपासून बाहेर पडल्यासारखं वाटतं.

— (प्रश्नकर्ती) बरं, 'जगण्याचा दर्जा' पक्कं. आता भूतान! त्यांच्या 2008 च्या राज्यघटनेतही 'ग्रॉस नॅशनल हॅपिनेस' आहे, म्हणजे लोक किती 'हॅपी' आहेत यावरून देशाची प्रगती बघायची कल्पना. सकल राष्ट्रीय सुख म्हणू की आनंद?

— 'सुख' नको. सुखसोयी, सुखवस्तू... हा शब्द पुन्हा राहणीमानाकडेच ओढतो. 'आनंद' रूढ आहे, पण तो प्रसंगापुरता असतो. मी 'समाधान' लिहीन. संपादक खोडतील, ती तयारी ठेवा.