खाणकामगारांचे क्लब सुरुवातीला कोणाच्या पैशावर उभे राहिले?

प्रश्न
ब्रिटनमधील कोळसा खाणींच्या गावांत ‘वर्कमेन्स इन्स्टिट्यूट’ आणि ‘मायनर्स वेल्फेअर’ अशा दोन नावांच्या वास्तू आढळतात. त्या मालकांनी बांधून दिल्या असे काही ठिकाणी वाचले, तर कामगारांनी स्वतः उभारल्या असेही वाचले. यांतले खरे काय?

प्रतिसाद १
दोन्ही खरे आहे, फक्त काळ वेगळा आहे. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतील जुन्या इन्स्टिट्यूट मुख्यतः कामगारांच्या वर्गणीवर चालत. मजुरीच्या दर पौंडामागे ठरावीक पेनी कोलियरीच्या (कोळसा खाणीच्या) कचेरीतच कापून घेतल्या जात आणि त्यांतून वाचनालय, वृत्तपत्रांची खोली, बिलियर्डची टेबले व सभागृह यांचा खर्च भागे. कपात मालकाचा कारकून करीत असे, एवढ्यावरून पैसा मालकाचा ठरत नाही. पुस्तके कोणती घ्यायची हे कामगारांची समिती ठरवी. तिथल्या ट्रेडेगर गावच्या अशाच समितीत, पुढे आरोग्यमंत्री झालेले अन्यूरिन बेव्हन तरुणपणी काम करीत होते आणि शाळा लवकर सुटलेल्या या माणसाचे बरेचसे वाचनही तिथल्याच पुस्तकांवर झाले.

प्रतिसाद २
‘वेल्फेअर’ हे नाव रूढ झाले ते १९२० च्या खाण उद्योग कायद्यानंतर. त्या कायद्याने काढलेल्या प्रत्येक टन कोळशामागे एक पेनी मालकांकडून वसूल करून स्वतंत्र निधी उभारला. त्यातून सभागृहे, खेळाची मैदाने, आरोग्यधामे झाली; १९२६ नंतर खनिजाच्या स्वामित्वशुल्कावरही (जमीनमालकांना मिळणाऱ्या रॉयल्टीवर) कर बसवून खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. ही कायद्याने लादलेली वसुली होती, त्यामुळे तिला उपकार म्हणणे मला पटत नाही.

प्रतिसाद ३
वरील विभागणी ढोबळमानाने योग्य आहे, परंतु दक्षिण वेल्समधील ओकडेल गावची १९१७ सालची इन्स्टिट्यूट तीत नीट बसत नाही, कारण तिच्या बांधकामासाठी खाण कंपनीनेच कर्ज दिले होते. (ती इमारत आता कार्डिफजवळच्या सेंट फेगन्सच्या संग्रहालयात हलवलेली आहे.) कर्ज आणि देणगी यांत फरक करूनच अशी उदाहरणे वाचावीत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. म्हणजे एखाद्या वास्तूवरचे नाव वाचण्याआधी तिचे बांधकामवर्ष पाहायला हवे, आणि ते १९२० पूर्वीचे असेल तर कर्जाची वही.