मदत हवी आहे: साखर कारखान्याच्या पर्यावरण प्रशस्तिपत्रात ऊसतोड मजुरांचं काय लिहावं?

एका खासगी साखर कारखान्याच्या पर्यावरण कामाचं मूल्यमापन चालू आहे. काम खरंच चांगलं आहे, तसं लिहायलाच हवं. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, वीज करतात. डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 10-12 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे प्रदूषक सांडपाणी, निघतो. तो बाष्पीभवनाने घट्ट करून बॉयलरमध्ये जाळतात, ओढ्यात सोडत नाहीत.

अडचण फडात आहे. ऊसतोड मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर नसतातच. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, त्याचा मुकादमाशी (मजुरांची टोळी आणणाऱ्याशी), आणि मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. हिशेब टनावर, बाईच्या नावावर वेगळी नोंद नाही. आजारपणात खाडा पडला, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, की दंड उचलीत चढतो. म्हणून कंपनीच्या अहवालातल्या कामगारांच्या तक्त्यात ही माणसं दिसत नाहीत आणि आकडे स्वच्छ वाटतात.

असं ऑडिट केलेल्यांनी कृपया सांगावं: बाईच्या नावाने वेगळी मजुरी, कोप्यांजवळ (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांजवळ) पाणी-संडास, खाड्याच्या दंडाला बंदी, या अटी तोडणी करारात घालून कुणी पाळून घेतल्या आहेत का? पुरावा म्हणून टोळीनिहाय वजनपावत्या मागाव्यात की मुकादमाची वही? आणि मजुरांबद्दलची त्रुटी प्रशस्तिपत्राच्या त्याच पानावर लिहावी की वेगळ्या पत्रात?