मदत हवी आहे: स्वयंरोजगाराच्या अनुदानाचा बेरोजगारांना उपयोग झाला का, हे मोजायचं कसं?

रानवारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात 'पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम' (पुढे पीएमईजीपी; नव्या उद्योगाच्या बँक कर्जाला जोडून अनुदान देणारी केंद्राची योजना) या योजनेचं मूल्यमापन एका स्वयंसेवी संस्थेसाठी करायचं आहे. २०१९ ते २०२१ मध्ये अनुदान मिळालेल्या सव्वातीनशे लाभार्थ्यांची यादी हातात आहे. त्यात नाव, गाव, उद्योग, प्रकल्प खर्च, बँक शाखा आणि अनुदानाची रक्कम आहे. पैसे मात्र ३०० घरांच्या मुलाखतींपुरतेच आहेत.

सध्याचा आराखडा असा: लाभार्थ्याकडे जायचं, उद्योग चालू की बंद ते बघायचं, उत्पन्न विचारायचं आणि चालू असलेल्यांची टक्केवारी काढायची. संस्थेतल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की यातून योजनेचा परिणाम कळणारच नाही. तर मग:

१) तुलनेसाठी कुणाला घ्यावं?
२) यश नेमकं कशाला म्हणायचं?
३) ३०० मुलाखतींत काय सिद्ध होऊ शकतं?
४) जर्मनीतल्या अभ्यासांचे दाखले सगळीकडे दिसतात. ते इथे लागू होतात का?

अंशछेद

सहकाऱ्यांचं बरोबर आहे. समजा, १०० लाभार्थ्यांपैकी ६० जणांचे उद्योग चालू सापडले. त्यातल्या ४० जणांनी अनुदान नसतं तरी सासऱ्यांकडून, पतसंस्थेकडून किंवा सोनं गहाण ठेवून दुकान टाकलंच असतं, तर योजनेमुळे पडलेला फरक २० जणांचा. पैसे मात्र १०० जणांवर गेलेत.

हिशेब करून बघा. ग्रामीण भाग, विशेष प्रवर्ग (अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, महिला वगैरे), प्रकल्प १० लाखांचा. अनुदान ३५ टक्के, म्हणजे ३.५ लाख. 'चालू उद्योगामागे खर्च' काढला तर ३.५ भागिले ०.६, म्हणजे ५.८३ लाख. 'योजनेमुळे वाढलेल्या एका उद्योगामागे खर्च' काढला तर ३.५ भागिले ०.२, म्हणजे १७.५ लाख. यादी तीच, माणसं तीच, आणि आकडा तिप्पट. धोरण ठरवणाऱ्याला दुसरा आकडा लागतो आणि तो तुलना गटाशिवाय निघत नाही.

प्रश्न ३ बद्दल. तुलना गटात ४० टक्के आणि लाभार्थ्यांत ५० टक्के असा १० टक्केबिंदूंचा फरक पकडायचा असेल (५ टक्के सार्थकता पातळी, म्हणजे नसलेला फरक चुकून दिसण्याची शक्यता ५ टक्के; ८० टक्के शक्ती, म्हणजे असलेला फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के), तर प्रत्येक गटात साधारण ३८५ माणसं लागतात. तुमच्याकडे १५० अधिक १५० आहेत. त्यात १६ टक्केबिंदूंच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा फरकच भरवशानं दिसेल. म्हणून 'परिणाम आढळला नाही' असं निघालं तर त्याचा अर्थ 'परिणाम नाही' असा लावू नका. लहान परिणाम या नमुन्यात दिसूच शकत नाही, हे अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं.

आणखी एक: एकेका गावात १५-१५ मुलाखती उरकू नका. एका गावातली माणसं एकाच बाजारावर, एकाच शाखेवर जगतात. तेव्हा ३०० मुलाखतींची खरी किंमत १५०-२०० इतकीच उरते. गावं जास्त घ्या आणि गावामागे तीन-चार घरं ठेवा.

मार्जिन_मनी

वरचा हिशेब पटला, पण योजनेची रचना समजून घेतल्याशिवाय प्रश्नावली करू नका. तीन गोष्टी मूल्यमापनाला थेट भिडतात.

पहिली. पीएमईजीपीला बेरोजगार असण्याची अट नाही. वय १८ च्या वर हवं, उद्योग नवा हवा, कुटुंबातून एकच अर्जदार, आणि उत्पादनात १० लाखांच्या व सेवेत ५ लाखांच्या वरच्या प्रकल्पाला आठवी पास. त्यामुळे तुमच्या सव्वातीनशेंमध्ये किती जण अर्जाच्या वेळी रिकामे होते, हे यादीवरून कळणार नाही. अर्जाआधीच्या बारा महिन्यांत कोण काय करत होतं, ते महिनावार विचारा. 'मार्च २०१९ मध्ये काय करत होतात?' याला धड उत्तर मिळत नाही. 'ऊसतोडीला गेला होतात ती दिवाळी', 'लॉकडाऊनच्या आधीचे गणपती' असे टेकू दिले की आठवतं. मग शेतमजुरी, घरच्या शेतीत बिनपगारी काम, खासगी नोकरी आणि काहीच नाही, असे चार गट वेगळे ठेवा. बेरोजगारांबद्दलचं उत्तर शेवटच्या गटातून मिळेल, सगळ्यांच्या सरासरीतून नाही.

दुसरी, आणि सर्वांत महत्त्वाची. अनुदान लाभार्थ्याच्या हातात पडत नाही. बँक प्रकल्पाच्या ९० किंवा ९५ टक्के कर्ज देते (स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण प्रवर्गाला १० टक्के, विशेष प्रवर्गाला ५ टक्के). अनुदानाची रक्कम लाभार्थ्याच्या नावानं मुदत ठेवीत तीन वर्षं अडकते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष पडताळणी झाली की ती रक्कम कर्जात वळती होते. परिणाम असा की कमाई नसलेलं युनिटही छत्तिसाव्या महिन्यापर्यंत बोर्ड लावून, मशीन पुसून 'चालू' राहतं. त्या मुदतीच्या आतलं मोजमाप अनुदानाच्या अटीचं पालन मोजतं. तुमच्या यादीची ठेव-मुदत २०२२ ते २०२४ मध्ये संपली असेल. कर्जाचा पहिला हप्ता मिळाल्याची तारीख प्रत्येकाची काढा आणि ४८ व ६० महिन्यांची स्थिती नोंदवा.

तिसरी. लाभार्थी कोण, हे शेवटी बँक शाखा ठरवते. जुनं खातं, सिबिल, घरात पगारी माणूस, व्यवस्थापकाशी ओळख यांतून गाळून आलेली ही माणसं आहेत. त्यांची तुलना नाक्यावरच्या कुठल्याही बेरोजगार तरुणाशी केली, तर निवडीचा फरक योजनेच्या नावावर जमा होईल.

अंशछेद

तिसरा मुद्दा तुलना गटाचं उत्तरही देतो. ज्यांनी अर्ज केला, ज्यांचा अर्ज बँकेपर्यंत गेला, पण मंजूर झाला नाही, ते घ्या. उद्योग काढायची इच्छा आणि कागद जमवायची चिकाटी दोन्ही गटांत सारखी असते. मात्र नाकारण्याची कारणं वेगळी काढा. 'उद्दिष्ट पूर्ण झालं' किंवा 'शाखेचं कार्यक्षेत्र नाही' अशा कारणांनी राहिलेले अर्जदार तुलनेला उत्तम. 'थकबाकीदार' किंवा 'प्रकल्प व्यवहार्य नाही' म्हणून नाकारलेले आधीपासूनच कमजोर असणार. त्यांना घेतलंत तर योजनेचा परिणाम फुगलेला दिसेल.

जुळणी करताना (म्हणजे लाभार्थ्याला त्याच्यासारखाच नाकारलेला अर्जदार जोडताना) वय, लिंग, प्रवर्ग, शिक्षण, तालुका, उद्योगाचा प्रकार, मागितलेली रक्कम, आधीचा कामाचा इतिहास आणि वडिलांचा धंदा एवढं तरी हवंच. अर्जाची तिमाही सारखी असलीच पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये कर्ज उचललेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नाकारलेला, यांच्या मध्ये टाळेबंदी उभी आहे. नाकारलेल्यांतले बरेच जुळणीत गळतात, म्हणून १२० लाभार्थी आणि १८० तुलनेचे असे घ्या. ओळखता येणारा फरक १६ च्या जागी साधारण १६.३ टक्केबिंदू होतो, म्हणजे नुकसान नगण्य.

पायलीभर

गावात फिरताना लागणाऱ्या गोष्टी लिहिते.

'नवा' उद्योग नवा होता का, हे आधी तपासा. वर्षानुवर्षं चालणारी गिरणी किंवा फॅब्रिकेशनचं दुकान बायकोच्या नावानं नवं दाखवून अनुदान घेतलेलं सापडतं. तिथे योजनेनं नवीन काही उभंच केलेलं नसतं. वीजबिलावर पुरवठा दिनांक असतो, तो कर्जाच्या तारखेशी ताडून बघा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि उद्यम नोंदणीची तारीखही बघा. दोन शेजाऱ्यांना 'हे दुकान कधीपासून?' एवढंच विचारा.

'चालू आहे' हे तोंडी घेऊ नका. बिलावर मागच्या महिन्यांचा वीज वापर दिसतो. १० एचपीची मोटर आणि महिन्याला ३० युनिट असेल, तर मशीन फिरत नाही. (१० एचपी म्हणजे साडेसात किलोवॉट, तासाला सात-साडेसात युनिट. ३० युनिट म्हणजे महिन्यात चार तास.) शेवया, पापड, कुरडया यांचा हंगाम उन्हाळ्यात असतो, म्हणून एका महिन्यावर निकाल देऊ नका.

उत्पन्न 'महिन्याला किती सुटतात?' असं विचारू नका. माणसं गल्ल्यातले पैसे सांगतात. गिरणी असेल तर दिवसाला किती किलो दळण, किलोला दर किती, आठवड्यात किती दिवस, असं वर चढत जा. मग वीज, दगडाला टाकी लावणं, पट्टा, भाडं, मजुरी वजा करा. कर्जाचं व्याज खर्च आहे, मुद्दल नाही. मुद्दलाऐवजी मशीनची झीज धरा. चार लाखांचं मशीन दहा वर्षं चालणार असेल तर महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास. घरातली दोन माणसं बिनपगारी राबत असतील तर त्यांचे तास लिहा आणि गावातल्या मजुरीच्या दरानं किंमत लावा. एवढं केल्यावर बऱ्याच 'चालू' युनिटची कमाई मजुरीच्या खाली जाते, आणि तेही उत्तरच आहे.

शेजारचं बुडालं का, तेही बघा. एका गावात दोन गिरण्या होत्या, अनुदानानं तिसरी आली आणि आधीची एक बंद पडली, तर जिल्ह्याच्या हिशेबात वाढ शून्य. प्रत्येक युनिटभोवती तीन किलोमीटरमधली त्याच धंद्याची दुकानं कर्जाआधी किती होती आणि आज किती आहेत, हे सरपंच, ग्रामसेवक आणि एका जुन्या दुकानदाराला विचारून घ्या. गिरणी, पार्लर, झेरॉक्स यांत हे जास्त होतं. तालुक्याबाहेर माल विकणाऱ्या युनिटात कमी.

मध्यंतर

जर्मनीबद्दल. तिथे २००३ ते २००६ या काळात बेरोजगारांसाठी दोन योजना शेजारी-शेजारी होत्या. एकीत सहा महिने बेरोजगारी भत्त्याइतकी रक्कम आणि वर सामाजिक विम्यासाठी ठोक भर. दुसरीत, जिला 'इश-आगे' म्हणत, पहिल्या वर्षी महिन्याला ६०० युरो, दुसऱ्या वर्षी ३६० आणि तिसऱ्या वर्षी २४०. ऑगस्ट २००६ पासून दोन्हींच्या जागी एकच अनुदान आलं. २०११ च्या शेवटी त्यावरचा हक्क काढून ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवलं गेलं.

कॅलिएंडो आणि क्यून या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये या पहिल्या दोन योजनांचे पाच वर्षांनंतरचे परिणाम छापले. तुलना गट योजनेत न आलेल्या बेरोजगारांचा होता, पद्धत जुळणीची. सुरुवातीनंतर पाच वर्षांनी ८० टक्क्यांहून जास्त सहभागी कामात होते आणि रोजगार व उत्पन्न दोन्हींवर परिणाम चांगला आढळला. सर्वाधिक फायदा श्रमबाजारात मागे पडलेल्या गटांना झाला.

यातून दोन गोष्टी उचला. त्यांनी 'कामात' म्हणजे स्वतःचा धंदा किंवा पगारी नोकरी, दोन्ही धरलं. धंदा बंद करून त्याच अनुभवावर नोकरीला लागलेला माणूस तुमच्या 'चालू/बंद' रकान्यात अपयशी ठरतो. बेरोजगारी संपवणं हा हेतू असेल तर तो यशस्वी आहे. आणि 'इश-आगे'चे पैसे तीन वर्षं मिळत, म्हणून खरं चित्र त्यानंतरच दिसलं. वर मार्जिन_मनी यांनी ठेवीबद्दल जे लिहिलंय, तोच मुद्दा.

आकडा मात्र इथे आणू नका. जर्मनीतला पैसा सुरुवातीच्या महिन्यांत घर चालवायला होता. पीएमईजीपीचा पैसा भांडवलाला जोडलेला आणि कर्जाच्या मागून येणारा आहे. युगांडात तरुणांच्या गटांना भांडवलासाठी थेट रोख अनुदान दिलं होतं, तेही चिठ्ठ्या टाकून, म्हणजे तुलना गट निर्दोष. चार वर्षांनी त्यांची कमाई ३८ टक्के जास्त होती. नऊ वर्षांनी अनुदान न मिळालेल्यांनी त्यांना गाठलं. भांडवल मिळाल्यानं माणूस लवकर पुढे गेला, एवढंच त्यातून म्हणता येतं.

रानवारा

खूप आभार. दोन अडचणी आहेत. नाकारलेल्यांची नावं कार्यालय देत नाही, फक्त संख्या देतं. आणि एकानं सुचवलंय की राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाला मूळ निकषांत खुल्या प्रवर्गासाठी ४५ ची वयोमर्यादा होती, तर ४४ आणि ४६ वर्षांच्या लोकांची तुलना करावी. चालेल का?

मार्जिन_मनी

४५ च्या रेषेवर फसाल. ४६ वर्षांचा माणूस राज्याच्या योजनेत बसला नाही तर पीएमईजीपीत जातो. तिथे वरची वयोमर्यादा नाही आणि अनुदानाचे दर जवळपास तेच आहेत. म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंना अनुदान आहेच. शिवाय एका जिल्ह्यात रेषेच्या आसपास पुरेशी माणसं सापडणार नाहीत.

नावांसाठी जिल्हा उद्योग केंद्राकडे माहिती अधिकाराचा अर्ज केलात तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल. त्याऐवजी नावाशिवायचा तक्ता मागा: अर्ज क्रमांक, अर्जाचा महिना, तालुका, वय, प्रवर्ग, उद्योग, रक्कम, शाखा, नाकारण्याचं कारण. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. या तक्त्यावर आधी जुळणी करा. मग निवडलेले अर्ज क्रमांक कार्यालयाला देऊन लेखी विनंती करा की त्यांनीच फोन करून संमती विचारावी आणि 'हो' म्हणणाऱ्यांचेच नंबर द्यावेत. खादी ग्रामोद्योग मंडळही पीएमईजीपीचे अर्ज हाताळतं, म्हणून त्यांच्याकडे वेगळा अर्ज लागेल, त्यांची यादी उद्योग केंद्राच्या यादीत नसते.

पायलीभर

आणि पुण्याला किंवा संभाजीनगरला गेलेल्यांना 'बंद' लिहू नका. घराला कुलूप असलं तर भावकीतून नंबर मिळवून फोनवर लहान प्रश्नावली घ्या: सध्या काय काम, महिन्याची कमाई, मशीनचं काय केलं. तरीही न सापडलेल्यांचा रकाना वेगळा ठेवा. समजा, १२० पैकी ९६ सापडले आणि ६० जण कामात आहेत, तर सापडलेल्यांत ६२.५ टक्के होतात. न सापडलेले २४ सगळे रिकामे धरले तर ५० टक्के, सगळे कामात धरले तर ७० टक्के. तिन्ही आकडे छापा. नाकारलेल्यांचेही तसेच काढा, कारण त्यांच्यातून गाव सोडून गेलेले जास्त निघतील.