व्यसन सुटलेल्यानेच दुसऱ्याला सोडवावं, हे कितपत खरं?

वाटसरू
व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी आला की सगळे म्हणतात, "सुटला एकदाचा." अंगातली दारू उतरायला आठवडा-दोन आठवडे पुरतात. पण संध्याकाळी सात वाजता करायचं काय, हे कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं. जुने मित्र त्याच कोपऱ्यावर उभे असतात आणि घरचे खिसे तपासत असतात. अशा वेळी आधी त्याच खड्ड्यातून वर आलेला एखादा माणूस पाठीशी असेल, तर त्याचा उपयोग समुपदेशनाच्या दहा तासांहून जास्त होतो, असं माझं मत आहे.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना सावरण्याच्या गटाची सुरुवातच बघा. मे १९३५. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेला बिल विल्सन अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एका व्यवहारात तोंडावर आपटला. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला फोन. त्याने फोन उचलला आणि चर्चवाल्यांना विचारत सुटला, "इथे कोणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय." त्यातून बॉब स्मिथ हा दारूने पोखरलेला सर्जन भेटला. लक्षात घ्या, बिल त्याला वाचवायला गेला नव्हता, स्वतः प्यायचं टाळायला गेला होता. म्हणून प्रत्येक केंद्राने बाहेर पडणाऱ्याला असा एक मार्गदर्शक जोडून द्यावा, असं मला वाटतं. तुमचं काय मत?

आकडेमोड
गोष्ट छान आहे, पण गोष्टीवर धोरण ठरत नाही. मीटिंगला उभं राहून बोलतो तो टिकलेला माणूस. जो पुन्हा प्यायला लागला तो मीटिंगला येतच नाही, त्यामुळे आपल्याला फक्त यशोगाथाच ऐकू येतात.

आकडे हवे असतील तर उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२० चा आढावा आहे. २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. एएसारख्या, बारा पायऱ्यांनी व्यसन सोडायला लावणाऱ्या गटाकडे नेणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षाच्या शेवटी ४२ टक्के पूर्ण दारूमुक्त होते, इतर उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. म्हणजे शंभरात सात माणसं जास्त. हे कमी नाही, मान्य. पण उरलेल्या ५८ जणांचं काय? शिवाय हे आकडे दारूचे, हेरॉइनचे नव्हेत. आणि त्यात तपासला गेला तो गटाकडे नेणारा आखीव उपचार, तुमचा एकटा मार्गदर्शक नाही.

रात्रपाळी
आकडेमोड यांच्याशी सहमत, पण माझी तक्रार वेगळी आहे. मी वॉर्डात काम करते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात, भ्रम होतो, माणूस दगावूही शकतो. अशा वेळी "मी पण काढले होते हे दिवस, मन घट्ट कर" म्हणणारा हितचिंतक घातकच.

अफूच्या नशांचं आणखी अवघड. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे नशेची ओढ आवरणारं डॉक्टरी औषध, चालू असलेल्या पेशंटला मार्गदर्शक सांगतो, "गोळी घेतोस म्हणजे नशाच करतोस की." झालं, तो गोळी सोडतो. काही आठवड्यांत शरीराची सवय मोडलेली असते आणि घसरला की डोस मात्र जुनाच घेतो. असे मृत्यू होतात. एएचं स्वतःचं साहित्य सदस्यांना बजावतं की डॉक्टर बनू नका. ऐकतात किती जण?

शेजारचा_बाक
मी त्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहितो. बरीच वर्षं कोरडा आहे आणि काही जणांचा स्पॉन्सर, म्हणजे एएतला मार्गदर्शक, आहे.

काम नेमकं काय असतं ते सांगतो. पगाराच्या संध्याकाळी एकाचा फोन येतो. म्हणतो, घरी निघालोय. मी म्हणतो, बोलत राहा. मागे ग्लासांचा आवाज येतोय. मी उपदेश करत नाही, विचारतो, "जेवलास का?" नाही. "कोणाशी भांडलास?" हो, साहेबाशी. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चारांपैकी दोन एकत्र आले की आमच्यातला माणूस घसरतो, हे आमच्याकडे पोरासोरालाही पाठ असतं. मग तो मेन्यू कार्ड वाचत असतानाच मी त्याला रिक्षात बसवतो, फोनवरूनच, आणि घराचं दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत फोन ठेवत नाही. हे कुठला डॉक्टर करणार? करूच नये त्यांनी, त्यांना पन्नास पेशंट असतात.

रात्रपाळीताई, गोळ्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. मी त्या विषयावर तोंड उघडत नाही.

मधुरा_क
नवऱ्याचा मार्गदर्शक देवमाणूस होता. नवऱ्याची दारू त्याच्यामुळेच सुटली, हे मी नाकारत नाही. पण मग ऐका. नवरा माझ्याशी दहा वर्षांत जे बोलला नाही ते त्या मार्गदर्शकाशी रोज तासभर बोलायचा. घरी आला की गप्प. कर्जाचे हप्ते मी फेडत होते, मुलाच्या शाळेत मी जात होते, आणि टाळ्या मीटिंगमध्ये त्यांना पडत होत्या. "पहिलं प्राधान्य सोबर राहणं" हे वाक्य किती सोयीचं असतं, ते त्या घरात राहणारीलाच कळतं.

दारू सुटली म्हणजे आयुष्य उभं राहिलं असं नसतं. पिणाऱ्यांच्या बायकांनी १९५१ मध्ये ॲल-ॲनॉन हा घरच्यांचा गट वेगळा काढला तो उगाच नाही.

जुनाजाणता
वाटसरू, सक्तीने मार्गदर्शक जोडण्यात एक मोठा धोका आहे आणि तो घडून गेलेला आहे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडेरिक या एएमधून आलेल्या माणसाने सिनॅनॉन हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. हेरॉइनवाल्यांना हेरॉइन सोडलेलेच सांभाळणार, डॉक्टर नकोत. सुरुवातीला सगळीकडे कौतुक. एकाला मध्ये बसवून सगळ्यांनी त्याच्यावर ओरडायचं, याला ते 'गेम' म्हणत. पुढे डोकी भादरणं, जोडपी तोडणं, पुरुषांची सक्तीने नसबंदी. १९७८ मध्ये विरोधात खटला लढलेल्या वकिलाच्या पत्रपेटीत त्यांच्या माणसांनी खुळखुळ्या साप ठेवला. साप चावला, वकील वाचला. डेडेरिकला अटक झाली तेव्हा तो स्वतः प्यायलेला होता.

'मी त्यातून गेलोय' हा एवढाच परवाना हातात असला की असं होतं. कोणाला जाब द्यायचा ते ठरलेलं नव्हतं.

आणि मार्गदर्शक लागतोच असंही नाही. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांचा अभ्यास बघा. तिथे साधारण पाचातला एक जण अफू-हेरॉइनच्या आहारी गेला होता. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यातले फक्त ५ टक्के पुन्हा व्यसनी झाले. बहुतेकांना ना स्पॉन्सर, ना पायऱ्या. जागा बदलली, सोबत बदलली, सुटलं.

वाटसरू
जुनाजाणता, हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे! सैनिकांचा देशच बदलला. आपला माणूस केंद्रातून निघून त्याच घरात, त्याच कामावर, त्याच कोपऱ्यावर परत येतो. त्याला देश बदलता येत नाही, सोबत बदलता येते. मार्गदर्शक म्हणजे त्या बदललेल्या सोबतीतला पहिला माणूस. त्याच्यामुळे दुसरा भेटतो, दुसऱ्यामुळे एखादं काम मिळतं, राहायला खोली मिळते.

सिनॅनॉन बंदिस्त होतं, तिथून बाहेर पडणं अवघड होतं. एएत स्पॉन्सर बदलायला परवानगी लागत नाही, आणि मला अभिप्रेत आहे ते हेच. मात्र एका गोष्टीवर मी ठाम आहे. मदतीचा फायदा मदत करणाऱ्यालाही होतो, हे अमेरिकी अभ्यासक फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. ज्याला सगळ्यांनी ओवाळून टाकलं, त्याची कुणाला तरी गरज लागते, हे औषधाच्या दुकानात मिळत नाही.

आकडेमोड
पण तो फायदा मिळवायला समोरच्या नवख्याचं गिनीपिग करणार का? स्वतः तीन महिने कोरडा असलेला दुसऱ्याला सावरायला निघतो आणि दोघेही जातात.

शेजारचा_बाक
म्हणून तर आमच्या गटात वर्षाच्या आत कुणाला स्पॉन्सर होऊ देत नाहीत. नवख्याने खुर्च्या मांडाव्यात, चहा करावा, दार उघडावं. तीही मदतच आहे आणि त्यात कोणी बुडत नाही.

मधुराताईंचं मात्र लागलं. त्यांच्या कर्जाबद्दल त्या मार्गदर्शकाने एकदा तरी विचारायला हवं होतं. मी आता विचारतो. नुकसान केलेल्यांची यादी करून भरपाई करायची पायरी आमच्यात आहे, पण बरेच जण "सॉरी" म्हणून मोकळे होतात. हप्ते फेडणं ही भरपाई.

मधुरा_क
हे कोणीतरी आधी म्हणायला हवं होतं. असो. तरीही मार्गदर्शक नको असं मी म्हणणार नाही.

अनामिक_२
धागा वाचतोय. भाऊ सोमवारी केंद्रातून बाहेर येतोय. आमचा एक लांबचा नातेवाईक सहा वर्षं सोबर आहे, तो तयार आहे. चालेल ना? बाकी काय बघावं?

रात्रपाळी
चालू असलेल्या औषधांची यादी आणि पुढची तारीख कागदावर घ्या आणि मार्गदर्शकासमोरच भावाला सांगा की यात बदल फक्त डॉक्टर करतील. त्यावर त्या माणसाने नाक मुरडलं तर दुसरा शोधा. अफूची नशा असेल तर नॅलोक्सोन, म्हणजे जास्त डोस झाल्यावर जीव वाचवणारं औषध, त्याबद्दल केंद्रातच विचारून घ्या.

शेजारचा_बाक
नातेवाईक नको. उद्या घरात भांडण झालं की तो एका बाजूचा होईल आणि भाऊ फोन करायचा बंद होईल. पैशाचा व्यवहारही नको, उसनेही नाहीत. आणि सोमवारची वाट बघू नका. केंद्र परवानगी देत असेल तर रविवारीच गाठ घालून द्या, म्हणजे पहिल्या संध्याकाळी फोन लावायला नाव अनोळखी नसेल.