मदत हवी आहे: जुन्या तबकड्या (७८ आणि एलपी) लॅपटॉपवर उतरवायच्या आहेत, नागपूर

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांचं महालातलं घर रिकामं होतंय, त्यामुळे माळ्यावरच्या शंभरेक तबकड्या माझ्याकडे आल्या आहेत. निम्म्याहून जास्त लाखेच्या, ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे), बाकी एलपी. बहुतेक ख्याल-ठुमरी, थोडी नाट्यगीतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की टिनाखाली एलपी वाकतात, काही आधीच वाकल्यात. म्हणून आता टाळाटाळ नको.

माझ्याकडे ३३ आणि ४५ वर चालणारा टर्नटेबल, वेगळा फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा), यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करतो. तासाला साधारण २ जीबी जागा जाते, त्याचं काही नाही.

एलपी डिस्टिल्ड पाण्यात थेंबभर भांड्यांचं लिक्विड टाकून, लेबल न भिजवता, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसतो. ७८ साठी एका दुकानदाराने आयसोप्रोपिल अल्कोहोल सुचवलं. पण फ्रेंच पॉलिशवाले सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात ना? मग तबकडीचं काय होईल?

दुसरं, ७८ वाजवायच्या कशा?

आणि खरी अडचण सफाईची. ऑडॅसिटीचं क्लिक रिमूव्हल लावलं की टिकटिक जाते, पण तबल्याच्या चाटीवरचा 'ना' बोथट होतो. नॉइज रिडक्शन तर तानपुऱ्यालाच खरखर समजतं. गवई एकदम पोकळीत गायला बसल्यासारखा वाटतो. तुम्ही किती साफ करता? शिवाय मागे बारीक 'हूं' असा आवाज कायम आहे.

प्रतिसाद
लाखेला अल्कोहोल अजिबात नको, तुमची शंका बरोबर आहे. डिस्टिल्ड पाणी वापरा, भिजत ठेवू नका, लगेच टिपून घ्या.

७८ ची खाच रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन नुसता कचरा वाचते, म्हणून ३ मिलची (इंचाचे तीन हजारांश) सुई लागते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एसपी नावाची आहे; त्याच मालिकेचं कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) असेल तर फक्त सुई बदलायची. ४५ वर वाजवून ऑडॅसिटीच्या चेंज स्पीडने ७८ करता येतं, पण प्रीअँपने लावलेला आरआयएए वक्र (खर्ज-तीव्र आवाजांचा तोल ठरवणारं प्रमाण) गती वाढवली की जागेवरून सरकतो. मुळात तो १९५४ चा, तुमच्या बऱ्याच तबकड्या त्याआधीच्या असणार. ७८ गतीचा टर्नटेबल उसना मिळाला तर उत्तम.

रेकॉर्डिंग स्टीरिओतच करा. तबकडी मोनो असली तरी खाचेची एक भिंत कमी झिजलेली असते. नंतर त्या बाजूचा चॅनेल ठेवायचा.

प्रतिसाद
चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. 'हूं' गेलं तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणं वेगवेगळ्या वाटेने अर्थ झाल्याने येणारी गुणगुण. टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर प्रीअँपच्या स्क्रूला लावली का? अन् कूलर त्याच बोर्डावर आहे काय? आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर बंद करा म्हणणं म्हणजे भांडणच, त्यापेक्षा पहाटे रेकॉर्ड करा.

सफाईबद्दल माझं मत कडक आहे: मूळ फाइल फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारा प्रकार) जशीच्या तशी ठेवायची, तिला हात लावायचा नाही. सफाई फक्त ऐकायच्या प्रतीवर. मोठे टिक-टिक आवाज झूम करून एकेक ऑडॅसिटीच्या रिपेअरने काढा. वेळ जातो, पण तबला वाचतो.

धागाकर्ता
बॅटरीवर 'हूं' गेलं! ग्राउंड वायर लटकूनच होती. सुई मागवतो. एक विचारायचं राहिलं, शेवटची रिकामी खरखर कापून टाकली तर चालेल ना?

प्रतिसाद
ऐकल्याशिवाय कापू नका बाप्पा. सुरुवातीच्या काळातल्या ७८ मध्ये गाणं संपल्यावर कलाकार स्वतःचं नाव सांगतात. १९०२ पासून कोलकात्यात गायिका गौहर जान हेच करायच्या, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्यांना गायक ओळखू यावा लागे. लेबलचा फोटो काढा, लेबलच्या कडेला कोरलेला नंबरही फाइलच्या नावात घाला.