रॉक-मेटलच्या शब्दांतला सिनिसिझम: धाडस की सोय?

खर्ज (धागाकर्ता):

पुण्यातल्या नव्या बँडची स्वतःची गाणी मी आवर्जून ऐकतो. वादन कमालीचे सुधारले आहे. रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे सुरांचे तुकडे) बांधेसूद असतात आणि डबल बास ड्रमवर हात-पाय बसलेले असतात. शब्द मात्र बहुतेकांचे एकाच साच्यातून काढलेले वाटतात. व्यवस्था सडलेली आहे, नेते विकले गेले आहेत, जनता म्हणजे मेंढरे, आणि हे सारे ओळखून असलेला एकमेव शहाणा माणूस म्हणजे गायक. मी एरंडवण्यात गिटार शिकवतो, त्यामुळे मुले आपल्या वह्या दाखवायला आणतात. परवा एका वहीत चारही कडव्यांचा कर्ता ‘ते’ होता: ते खोटे बोलतात, ते लुटतात, ते मारतात. ‘ते’ म्हणजे कोण, असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, “सर, सगळेच.” हाच मुलगा येता-जाता मुठेच्या पात्रात राडारोडा ओतणारे डंपर पाहतो आणि त्याबद्दल तावातावाने बोलतो. गाण्यात मात्र तो डंपर नाही.

माझे म्हणणे असे, की आजच्या घडीला सिनिकल, म्हणजे कोणाच्याच चांगुलपणावर विश्वास नसलेले, शब्द लिहिणे हे धाडस राहिलेले नसून ती सोय झाली आहे, कारण ‘सगळेच चोर’ म्हणणारा कधी खोटा पडत नाही. उलट काही चांगले घडू शकते, असे गाण्यात म्हणणाऱ्याला लोक उद्या जाब विचारू शकतात. मेगाडेथ या मेटल बँडचे 1986 चे ‘पीस सेल्स’ घ्या. शांतता विकायला काढली आहे, पण घेणार कोण, हे त्याचे ध्रुवपद टी-शर्टवर छापून घेण्याइतके सिनिकल आहे. पण गाणे नीट ऐकले, तर त्यातला ‘मी’ स्वतःवरच्या एकेका आरोपाला उत्तर देतो: देव मानत नाहीस, बिले भरत नाहीस, कामाचा नाहीस. नंतर लय वाढते आणि तो म्हणतो, की नवा मार्ग निघत असेल तर रांगेत पहिला मी उभा राहीन, फक्त या खेपेला तो चालला पाहिजे. माझ्या मते सगळे गाणे या एका वाक्यावर उभे आहे. आपल्याकडच्या नकलांमध्ये ध्रुवपदाचा सूर तेवढा आला आणि हे वाक्य गळाले.

ड्रॉप_डी:

मूळ मुद्द्याशी असहमत. सिनिसिझम ही सोय असेल, तर आदर्शवाद हा त्याहून जुना आणि त्याहून किफायतशीर धंदा आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस प्रेमाने जग बदलेल, असे सांगणाऱ्या गाण्यांचा पूर आला होता. 1971 मध्ये ‘द हू’ या रॉक बँडच्या पीट टाउनशेंडने ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ लिहिले तेव्हा तो त्या पुरातूनच बाहेर आला होता. नवा मालक आला, तो जुन्यासारखाच निघाला, या अर्थाची त्या गाण्याची शेवटची ओळ ही कोणाची फॅशन नव्हती. तो अनुभवाचा हिशेब होता. फसलेल्या माणसाने सावध होणे याला तुम्ही सोय म्हणत असाल, तर पुन्हा फसणे हेच धाडस ठरते.

दुसरे असे, की आशावादी सूर कोणालाही वापरता येतो. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचे 1984 चे ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे व्हिएतनामहून परतलेल्या आणि काम न मिळणाऱ्या सैनिकाचे कडवट गाणे आहे. पण ध्रुवपद असे विजयी थाटाचे, की लोकांनी तेवढेच उचलले. आणि त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या भाषणात स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा दाखला दिला. आशेची चाल लावली की कडव्यातला सैनिक कोणाला दिसत नाही. आणि क्रांतीची हाक देणारे ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ हा बँड सोनी या बड्या कंपनीच्या एपिक या रेकॉर्ड लेबलवरून हाक देत होता, हे वेगळे सांगायला नको.

खर्ज:

सोनीचा मुद्दा येणारच होता. 2009 च्या नाताळात ब्रिटनमध्ये लोकांनी मोहीम चालवून याच बँडचे 1992 चे ‘किलिंग इन द नेम’ पहिल्या क्रमांकावर नेले आणि टीव्हीवरच्या गायनस्पर्धेच्या विजेत्याचे गाणे मागे टाकले. दोन्ही गाणी सोनीच्याच छत्राखालची होती, म्हणजे कंपनीचा तोटा शून्य. सिनिकल माणसाची गोष्ट इथे संपते. पण बँडने 2010 च्या जूनमध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये हजारो लोकांसाठी फुकट कार्यक्रम केला, आणि मोहिमेतून बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी पैसे उभे राहिले. ‘शेवटी सगळे सोनीचेच’ हे वाक्य खरे आहे, पण या दोन गोष्टींबद्दल त्याला काही सांगता येत नाही.

‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे मात्र माझ्याच बाजूचे उदाहरण आहे, असे मला वाटते. कडव्यात सैनिकाचा भाऊ आहे, रिफायनरी आहे, नोकरी नाकारणारा माणूस आहे. गैरवापर करणाऱ्याला यातले प्रत्येक नाव गाळावे लागते. ‘सगळेच चोर’ या गाण्यातून काहीही गाळावे लागत नाही. ते कोणत्याही पक्षाच्या सभेत जसेच्या तसे वाजवता येईल.

मंडईकर:

आपण सगळे शब्द कानाने ऐकू येतात असे गृहीत धरून भांडत आहोत. ग्राइंडकोरमध्ये, म्हणजे मेटलच्या अतिवेगवान, आरडाओरड्याच्या प्रकारात, काय करणार? नेपाम डेथ या बँडच्या 1987 च्या ‘स्कम’ या अल्बमवर ‘यू सफर’ नावाचे गाणे आहे, जे दीड सेकंदही चालत नाही आणि जगातले सर्वांत छोटे गाणे म्हणून गिनेस बुकात नोंदले गेले आहे. त्याचे शब्द एवढेच: तुला यातना होतात, पण का? कागदावर वाचले तर बुद्धाच्या तोंडी शोभेल असा प्रश्न. ऐकले तर फक्त एक ओरडा. युद्ध, वंशद्वेष आणि कंपन्यांची हाव यांच्याविरुद्ध सातत्याने लिहिणारा हा बँड मेटलमधल्या सर्वांत आदर्शवादी बँडपैकी एक आहे, आणि त्याचे शब्द अल्बमसोबतची पुस्तिका उघडल्याशिवाय कळत नाहीत. मग तो आदर्शवाद श्रोत्यापर्यंत पोचला की नाही? मला वाटते आवाजातूनच पोचतो.

टेकडीवरचा:

या प्रश्नाची मुळे मेटलच्या आद्य बँडपैकी एक असलेल्या ब्लॅक सॅबथपर्यंत जातात. ‘वॉर पिग्ज’ (1970) बेसवादक गीझर बटलरने लिहिले, व्हिएतनाम युद्ध चालू असताना. सेनापती काळ्या जादूसाठी जमलेल्या चेटकिणींसारखे एकत्र येतात, राजकारणी युद्ध सुरू करून लपून बसतात आणि मरण्याचे काम गरिबांवर सोपवतात. इतका काळोख असूनही मी याला सिनिकल गाणे म्हणणार नाही, कारण शेवटच्या कडव्यात न्यायाचा दिवस उगवतो आणि तेच युद्धखोर गुडघ्यांवर रांगत दयेची भीक मागतात. न्याय होतो, यावर ज्याचा विश्वास नाही तो असे कडवे लिहिणार नाही. पुढच्याच वर्षी ‘चिल्ड्रेन ऑफ द ग्रेव्ह’मध्ये त्यांनी तरुणांना उघडच सांगितले, की धीट व्हा आणि जगात प्रेम शिल्लक आहे हे दाखवा, नाहीतर थडग्याची लेकरे व्हाल. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या या पोरांनी, आणि यंत्रात बोटांची टोके गमावलेला त्यांचा गिटारवादक तर कारखान्यातूनच आला होता, आशा आणि धमकी एकाच ओळीत बसवली आहे.

ड्रॉप_डी:

टेकडीवरच्या भाऊंनी शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ सोडून दिली. युद्धखोर रांगतात हे खरे, पण हसतो कोण? सैतान, आणि हसत पंख पसरतो. देव हाक मारतो आणि सूत्रे सैतानाच्या हातात जातात. हा न्याय असेल, तर फार विचित्र न्याय आहे. माझ्या मते बटलरने दार मुद्दाम किलकिले ठेवले आहे, आणि म्हणूनच ते गाणे अजून जुने होत नाही.

सदाशिव_पार:

मेटलची चर्चा मराठीत चालली आहे म्हणून एक मराठी दाखला. पुण्याजवळच्या पूर-कनेरसरला जन्मलेल्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह 1972 चा. त्यातला संताप, शिव्या आणि किळस यांच्या तुलनेत आपल्या डेथ मेटलचे शब्द शाळेच्या स्नेहसंमेलनात चालतील. पण त्याच वर्षी ढसाळ दलित पँथरच्या संस्थापकांमध्ये होते. ज्याला काहीच बदलणार नाही असे वाटते तो संघटना काढत नाही. तेव्हा भाषा किती काळी आहे यावरून लिहिणारा सिनिकल आहे की आदर्शवादी, हे ठरवण्याची घाई करू नये.

ड्रॉप_डी:

दाखला उत्तम, पण ढसाळांच्या मागे-पुढे चळवळ होती. हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत बेंचवर (म्हणजे हाती प्रकल्प नसताना) बसलेला, भाड्याच्या खोलीत रात्री रिफ रेकॉर्ड करणारा पोरगा कोणत्या चळवळीच्या जोरावर आशा लिहिणार? त्याला जे वाटत नाही ते त्याने लिहावे, ही अपेक्षाच अप्रामाणिक आहे. अ‍ॅलिस इन चेन्स या बँडचा ‘डर्ट’ (1992) हा अल्बम ऐका. व्यसनात बुडालेला गायक लेन स्टेली त्यात आशेचा आव आणत नाही. दहा वर्षांनी तो त्याच व्यसनापायी गेला. त्या शब्दांना उमेदीचे शेपूट जोडले असते, तर तो अल्बम खोटा झाला असता.

खर्ज:

पण ‘डर्ट’ सिनिकल कुठे आहे? ती निराशा आहे, आणि निराश माणूस सर्वांत आधी स्वतःला धारेवर धरतो. मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्येही अमली पदार्थ स्वतः बोलतो आणि ज्याच्या नसांत तो भिनला आहे त्याला ‘तू’ म्हणतो. व्यवस्थेवर बोट दाखवून मोकळे होण्याची सोय तिथे नाही. माझा आक्षेप काळोखाला नाही. गायकाला त्यातून वगळणाऱ्या शब्दांना आहे.

ड्रॉप_डी:

म्हणजे जे गाणे चांगले निघेल ते तुम्ही निराशेच्या किंवा संतापाच्या खात्यात टाकणार, आणि उरलेल्या टाकाऊ मालाला सिनिसिझम म्हणणार. अशा व्याख्येवर वाद कोणीही जिंकेल. पिंक फ्लॉइड या बँडचा 1977 चा ‘अ‍ॅनिमल्स’ हा अल्बम तरी सिनिकल माना: माणसांची कुत्रे, डुकरे आणि मेंढरे अशी सरळ वाटणी, आणि कोणाबद्दलही फारशी दया नाही.

खर्ज:

तो सिनिकल आहे आणि थोर आहे, हे मान्य. मात्र बँडचा गीतकार रॉजर वॉटर्सने त्या अल्बमच्या दोन्ही टोकांना ‘पिग्ज ऑन द विंग’ हे छोटे गाणे अकूस्टिक गिटारवर ठेवले आहे, आणि शेवटच्या भागात गाणारा म्हणतो, की कुत्र्याला घर लागते हे कोणीही सांगेल. म्हणजे वाटणी करणाऱ्याने स्वतःला कुत्र्यांत मोजले आहे. माझ्या विद्यार्थ्यांकडून मला एवढीच एक ओळ हवी आहे.

ड्रॉप_डी:

हे मला पटते, पण मग तीच अट दुसऱ्या बाजूलाही लावा. जगाने एक व्हावे, पृथ्वी वाचवावी, असे गाणाऱ्यांपैकी स्वतःचे काही पणाला लावणारे किती?

टेकडीवरचा:

गोजिरा हा फ्रेंच मेटल बँड. 2021 मध्ये ‘अ‍ॅमेझोनिया’ हे गाणे काढताना त्यांनी ब्राझीलमधल्या आदिवासींच्या संघटनेसाठी पैसे उभे केले, आणि त्याआधी 2005 पासून ते देवमासे आणि तापणाऱ्या पृथ्वीबद्दल लिहीत आले आहेत, जेव्हा मेटलच्या श्रोत्यांना त्याचे हसू येत असे. ड्रॉप_डी आता 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाची आठवण करून देतील, जिथे त्यांनी सरकारी सोहळ्यात क्रांतीचे गाणे वाजवले. देऊ द्यात, त्यावर माझे उत्तर उद्या.