ऑडिटची भूमिका दिली, तरी प्रोसीजर अडते
आर्वीकडच्या आपल्या जिनिंगमधील वापरकर्त्याला ओरॅकल डेटाबेसमध्ये 'ऑडिट व्ह्यूअर' ही भूमिका (अधिकारांचा संच) दिलेली आहे, थेट क्वेरी केल्यास युनिफाइड ऑडिट ट्रेल (कोणी काय केले याच्या नोंदी दाखवणारा व्ह्यू) दिसतो, पण तीच क्वेरी प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोग्राममध्ये) टाकली की 'टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही' अशी त्रुटी येते, असे आपण कळवले आहे. व्ह्यू कुठेही गेलेला नाही. मालकाच्या, म्हणजे ती ज्या खात्यात आहे त्याच्या, अधिकाराने चालणाऱ्या प्रोसीजरमध्ये भूमिकांतून मिळालेले अधिकार धरलेच जात नाहीत, म्हणून त्या व्ह्यूवरील सिलेक्टचा (वाचण्याचा) अधिकार प्रोसीजरच्या मालकाला थेट द्यावा लागतो. 'ऑडिट ॲडमिन' ही मोठी भूमिका दिल्यानेही ही अडचण सुटणार नाही. उलट ऑडिटची धोरणे बदलण्याची आणि जुन्या नोंदी पुसण्याची मुभा त्या वापरकर्त्याला मिळेल, आणि कापसाच्या हंगामात काट्याच्या पावत्या ज्याच्या हाती, त्याच्याकडे ती नसलेलीच बरी.